इराणमधलं यझ्द शहर कसं आहे? इस्फहान-शिराझ सोडून मुद्दाम तिथे जावं का?

जावंच. मी इस्फहानहून बसने गेलो होतो, चार-पाच तास नुसता उजाड माळ आणि मग एकदम मातीच्या रंगाचं शहर. पहिल्या दिवशी खरं सांगतो, वाटलं की कुठे येऊन पडलो, कारण इस्फहानसारखे निळे घुमट पावलोपावली नाहीत, गल्ल्यांमध्ये दोन्हीकडे चिखल-भुशाने लिंपलेल्या उंच भिंती आणि माणूस दिसत नाही. पण यझ्द वरून बघायचं गावच नाही, ते पाण्यावरून समजून घ्यायचं.

पाऊस वर्षाला जेमतेम ५०-६० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे कोकणात एका दुपारी पडतो तेवढा. मग हजारो माणसं जगली कशी? तर शिरकूह डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणायची आणि तिथून जमिनीखालून किंचित उताराचं भुयार शहरापर्यंत आणायचं, पाणी आपोआप वाहत येतं, पंप-बिंप काही नाही. याला कनात म्हणतात. औरंगाबादची नहर पाहिली असेल तर कल्पना येईल. मोठ्या घरांतून खाली कनातीपर्यंत पायऱ्या जातात, उन्हाळ्यात घरची मंडळी तिथेच जाऊन बसायची.

तिथे पाण्याचं म्युझियम आहे, ते चुकवू नका. मला सगळ्यात भारी वाटलं ते एक तांब्याचं वाडगं, बुडाला बारीक भोक, मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर तरंगत ठेवायचं, भरून बुडालं की एक माप झालं. अहो हे तर आपलं लग्नातलं घटिकापात्र! आपण त्यावर मुहूर्त बघायचो, ते लोक पाणीपाळी मोजायचे, आणि मोजणारा मीराब म्हणजे आपला पाटकरीच, फक्त गावात त्याचा मान जास्त.

घरांवर उंच चौकोनी मनोरे दिसतील ते बादगीर. वरच्या फटींतून वारा आत घेऊन खालच्या खोलीत, बऱ्याचदा पाण्याच्या हौदावर सोडतात, आणि वारा पडला की त्यातूनच आतली गरम हवा वर निघून जाते. दौलताबाद बागेतला तर ३३ मीटरच्या वर उंच आहे, त्याच्या खाली मे महिन्यात उभा राहिलो आणि तिथून हलावंसंच वाटेना.

आता इतिहास. मार्को पोलो १२७२ च्या सुमारास इथून गेला, इथल्या रेशमी कापडाचं त्याने कौतुक केलंय. तेरमे नावाचं भरजरी कापड अजून मिळतं, पण भाव ऐकून मी हात लावून परत ठेवलं. आणि यझ्द झरथुष्ट्री लोकांचं, म्हणजे आपल्या पारशांच्याच धर्माच्या लोकांचं, जुनं ठाणं. आतश बेहराम म्हणजे त्यांचं मोठं अग्निमंदिर, त्यातला अग्नी इ.स. ४७० च्या सुमारापासून तेवत ठेवलाय असं सांगतात, जागा मात्र बदलत गेली, आताची इमारत १९३४ ची आणि तिला भारतातल्या पारशांनी पैसे दिले. अग्नी काचेतूनच बघायचा.

हे लोक तिथे टिकले पण फार सोसून. जिझिया होता, घोड्यावर बसायला बंदी, कपड्यांवरसुद्धा निर्बंध. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये मानेकजी लिमजी हातरिया यांना इराणला पाठवलं, त्यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने पाठपुरावा केला तेव्हा कुठे १८८२ मध्ये शाहने जिझिया रद्द केला. याच यझ्द-केरमानकडच्या खेड्यांतून पुढे बरेच जण मुंबई-पुण्यात आले आणि त्यांनी चहाची हॉटेलं, बेकऱ्या टाकल्या. म्हणजे आपण ज्याला ‘इराणी’ म्हणतो त्यातल्या कितीतरी जणांचं हे मूळ गाव. मजा म्हणजे यझ्दमध्ये चहा मागितला तर कोरा येतो, साखरेचा खडा दातात धरून प्यायचा. आपला दुधाळ इराणी चहा आणि बनमस्का तिथे शोधत बसू नका, त्याऐवजी बदामाचं सारण भरून तळलेले कोत्ताब घ्या, येताना दोन डबे जास्तच घ्या.

दोन रात्री पुरेत. फहादान भागात जुन्या वाड्याचं हॉटेल बघा, गच्ची असलेलं, आणि जुलै-ऑगस्ट टाळा.