झुंबराखाली पाल येत नाही

प्रश्न : ताई, मी बी.ए. इंग्लिशच्या शेवटच्या वर्षाला आहे. अरविंद अडिगांची ‘द व्हाइट टायगर’ ही कादंबरी वाचली. वर्गात सगळे वाघावरच बोलतात, मला मात्र त्यातल्या बलरामच्या, म्हणजे आधी ड्रायव्हर असलेल्या नायकाच्या, ऑफिसातलं झुंबर खटकलं. एवढ्याशा खोलीत झुंबर कशाला? आणि माझे पप्पा ड्रायव्हर आहेत, त्यामुळं वाचताना पोटात कसंतरीच झालं.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अगं, बरोबर जागी नजर गेलीय तुझी. वाघाचं सोपं आहे. शाळेत इन्स्पेक्टर येतो, छोट्या बलरामला ‘तू पांढरा वाघ’ म्हणतो, पोरगं ते जन्मभर धरून बसतं, आणि पुढं दिल्लीच्या झूमध्ये खरा वाघ पिंजऱ्यात येरझाऱ्या घालताना बघून चक्कर येऊन पडतं. (आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेस म्युझियममधले पेंढा भरलेले वाघ बघून ये एकदा, ते तर येरझाऱ्यापण घालत नाहीत.)

आता झुंबर. बलराम लहानपणापासून पालीला घाबरतो, आणि स्वतःच सांगतो की झुंबराच्या उजेडाला पाली येत नाहीत. म्हणजे बंगळूरमध्ये दीडशे स्क्वेअर फुटांच्या ऑफिसात बसलेला हा मोठा माणूस आतून अजून तेच शाळेतलं पोरगं आहे, फरक एवढाच की आता भीतीवर औषध विकत घ्यायला पैसे आहेत. मला तर ते श्रीमंतीपेक्षा भीतीचंच चिन्ह वाटतं.

पायांकडंपण बघ. मॉलच्या दारात सँडल घातलेल्या माणसाला अडवतात, ते बघून हा मालकासारखा पांढरा टी-शर्ट आणि काळे बूट घेतो आणि मग आत शिरतो. आपल्याकडं कोल्हापुरी करकर वाजवत गेलं की रुबाब, तिथं पायावरून माणसाची जात-पैसा सगळं ओळखतात. गाडीच्या आरशातपण तेच, मालक आणि ड्रायव्हरची नजर भिडते आणि दोघंही ओशाळतात.

मालकाचा खून करून सात लाखांची लाल बॅग घेऊन तो पळतो, आणि नवीन नाव काय घेतो? अशोक. मेलेल्या मालकाचंच! इथं मला अडिगांचा खरा टोमणा दिसतो, खुराड्यातून सुटला पण मोठं होणं म्हणजे मालक होणं यापलीकडं त्याला काही सुचलंच नाही. खुराडं म्हणजे ते जुन्या दिल्लीतल्या कोंबड्यांचं, बलराम नोकरांची तुलना त्याच्याशीच करतो: शेजारची कापली जाते तरी कुणी पळत नाही, कारण नोकर पळाला तर गावाकडं घरच्यांचा जीव जातो. बलराम हे माहीत असून पळतो, म्हणून मला त्याला हिरो म्हणवत नाही.

पप्पांचं म्हणशील तर पोटात झालं ते चुकीचं नाही. पुस्तकात बोलतो तो बलरामच, सात रात्री चीनच्या पंतप्रधानांना पत्रं लिहीत, आणि फुशारकी मारणाऱ्याचं सगळं खरं धरायचं नसतं. तुझे पप्पा म्हणजे बलराम नव्हेत. पण त्यांना गोष्ट सांगून बघ, आरशातल्या नजरेबद्दल ते माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

पेपरात मात्र वाघावर अर्धं पान लिहीच, मार्क तिथंच देतात.