रुईचा चीक विषारी, मग अळी ती पानं खाते कशी?

गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत त्या रुईवर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी दिसली, तर ती बहुधा 'बिबळ्या कडवा' फुलपाखराची असते.

रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषं असतात. ती पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप, म्हणजे हे क्षार पेशीच्या आत-बाहेर करणारं प्रथिन, बंद पाडतात. या अळीच्या पंपाची रचनाच थोडी बदललेली आहे, त्यामुळे विषाला तिथं नीट चिकटता येत नाही. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच: एका प्रथिनातले एक-दोन घटक बदलतात आणि विषारी झाड ताटात येतं!

शिवाय चीक चिकट असतो, इवल्या अळीचं तोंडच त्यात चिकटून बसायचं. म्हणून ती आधी पानाची शीर कुरतडते, चीक तिथं पाझरून जातो, मग पुढचा भाग निवांत खाते. पावसाळ्यात रुईची पानं उलटून बघा, शिरेवर अशी खूण सापडेल.

खाल्लेल्या विषाचा काही भाग ती अंगात साठवते, तो फुलपाखरातही उतरतो. एकदा चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा वाटेला जात नाही. 'कडवा' हे नाव त्यावरूनच.