लॉन हिरवं झालं, पण कशामुळे?

प्रश्न: नमस्कार ताई, लॉनवर एक दाणेदार सॉइल कंडिशनर टाकलं, पाकिटावर 'मातीचा पोत सुधारतो' असं आहे आणि दोनेक आठवड्यांत गवत मस्त हिरवंगार झालं. आता भाजीच्या वाफ्यांतही सगळीकडे टाकू का?

उत्तर: नमस्कार, सगळीकडे नका टाकू, निदान आत्ता तरी नाही, कारण पूर्ण लॉनवर टाकलंत म्हणजे तुलना करायला काही उरलंच नाही. त्याच दिवसांत पाऊस पडला असेल, हवा बदलली असेल, गवत आपसूकही हिरवं झालं असेल. आणि पाकीट मागून वाचा, त्यात नायट्रोजन असेल तर गवत इतक्या लवकर हिरवं होतं ते बहुतेक त्यानंच, पोत सुधारायला फार वेळ लागतो.

म्हणून खरी टेस्ट करायची तर एकेक चौरस मीटरचे चौकोन आखा, काहींत काहीच नको, काहींत कंडिशनर, आणि काहींत तेवढाच नायट्रोजन साध्या युरियातून. समजा पाकिटावर ५ टक्के नायट्रोजन आहे आणि चौकोनाला १०० ग्रॅम टाकायचंय, तर झाला ५ ग्रॅम, युरियात ४६ टक्के असतो म्हणून साधारण ११ ग्रॅम युरिया पुरतो, नीट पसरून लगेच पाणी द्या नाहीतर गवत करपतं. प्रत्येक प्रकाराचे तीन-चार चौकोन हवेतच, आणि कुठे काय पडणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर आपण नकळत चांगली उन्हाची जागा आवडत्या मालाला देतो. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे, त्यात एका पट्ट्याला तेव्हापासून खतच दिलेलं नाही, त्या पट्ट्यामुळेच बाकीच्यांचा फरक कळतो!

पाणी, कापणी सगळ्यांना सारखीच. नुसत्या रंगावर जाऊ नका, कापलेलं गवत चौकोनवार वाळवून वजन करा. पोताचा दावा तपासायला दोन्ही टोकं उघडी असलेला डबा मातीत थोडा रोवून ठरावीक पाणी ओता आणि किती वेळात मुरतं ते बघा, टाकण्याआधी एकदा आणि काही महिन्यांनी परत. युरियाचा आणि कंडिशनरचा चौकोन सारखाच निघाला तर तुम्ही महागडं नायट्रोजन घेतलंत एवढंच.

प्रश्न: वाफ्यात बायोचार (मातीत घालायचा, कमी हवेत जाळून केलेला कोळसा) मिसळला आणि मिरची पिवळी पडली, असं का?

उत्तर: कोरा बायोचार सुरुवातीला मातीतला नायट्रोजन धरून ठेवू शकतो, शिवाय तो बहुतेक वेळा अल्कधर्मी असतो, त्यामुळे पीएच आधीच जास्त असेल तर लोह मिळायला अडचण होते. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नायट्रोजन कमी, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या तर लोह. पुढच्या वेळी ओल्या कंपोस्टमध्ये काही आठवडे मुरवून मगच वापरा, आणि एक वाफा तसाच ठेवा प्लीज.