पोटखराबा

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. गावच्या गायरानावर यंदा पाचशे रोपं लावायची, मित्रमैत्रिणी जमवल्यात, रोपवाटिकेशीही बोलणं झालंय, हे वाचून आनंद वाटला. तुझ्या वयाची मुलं गावासाठी घाम गाळायला तयार आहेत, ही मोठी गोष्ट आहे. तरीही सांगतो, त्या माळावर एवढ्यात कुदळ लावू नकोस. आधी एक वर्ष तो माळ नीट बघ.

पत्रात तू त्या जागेला तीनदा ‘ओसाड’ म्हटलंयस. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात, सरकारी नकाशात ती पडीक ठरते. जमीन मोजली गेली ती साऱ्यासाठी, म्हणजे शेतीवरच्या करासाठी. जिथे पीक नाही तिथे सारा नाही, म्हणून ती खराब. महसुलाच्या कामापुरतं ते ठीक. पण आपण तोच शब्द उचलून गवताला, पाखरांनाही लावला, आणि जी जमीन खराब ती सुधारलीच पाहिजे, असं सगळ्यांना वाटू लागलं.

सोलापूर, नगर, बारामती, दौंडकडचा आपला माळ म्हणजे सव्हाना. आफ्रिकेतलं सेरेंगेटी, ब्राझीलमधला सेराडो यांच्याच कुळातला. सलग गवत आणि त्यात लांबलांब उभे हिवर, बाभूळ, बोर, खाली तरवड. पाऊस 500-600 मिलिमीटर, तोही लहरी. मुरुमावर वीतभर माती. त्यात चराई आणि अधूनमधून वणवा. एवढं सोसून जे टिकतं तेच इथे वाढतं. इथे एके काळी घनदाट रान होतं आणि ते तोडून माळ उरला, असं तुला शाळेत कुणी सांगितलं असेल, मलाही सांगितलं होतं. पण दक्षिण आशियात उष्ण प्रदेशातल्या गवतांचा पसारा वाढला तो 80 ते 60 लाख वर्षांपूर्वी. तेव्हा कुऱ्हाड सोड, कुऱ्हाड धरणारा माणूसही नव्हता.

सोबतच्या पाकिटात कुसळी नावाच्या गवताची चार बियाणं ठेवली आहेत. एक तळहातावर घे आणि त्याच्या लांब, काळसर शेपटीवर पाण्याचा एकच थेंब टाक. क्षणभर काही होणार नाही. मग शेपटीचा पीळ सुटायला लागेल आणि बी हातावर जिवंत असल्यासारखं फिरेल. वाळलं की पीळ पुन्हा बसतो. माळावर रात्री दव, दिवसा ऊन, असा तो पीळ सुटत-बसत राहतो आणि बियाचं टोक मातीत उतरत जातं. टोकाला मागे वळलेले ताठ केस असतात, त्यामुळे एकदा आत शिरलेलं बी मागे येत नाही. हेच कुसळ मेंढराच्या लोकरीतून कातडीत घुसतं, म्हणून धनगर ते धरायच्या आत कुसळी चारून घेतात. ज्या जागेला आपण काहीच नाही म्हणतो तिथे गवताचं एक बी स्वतःला स्वतःच पेरून घेतं. मी हे कितीदा पाहिलंय याचा हिशेब नाही, तरी आजही पाहिलं की थांबतो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. तुझ्याच वयाचा होतो. एका माळावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे लांब खड्डे, खणून त्यावर ग्लिरिसिडियाची झाडं लावायचं काम होतं, मी देखरेखीला. मे महिना. एक माळटिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालत होती. वाकून पाहिलं तर चरापासून दोन हातांवर चार अंडी, आजूबाजूच्या खड्यांच्याच रंगाची. घरटं असं नाहीच, नुसता उथळ खळगा आणि कडेला चार खडे. आम्ही चर तेवढ्यापुरता वळवला, अंड्यांना धक्का लावला नाही. त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. दहा वर्षांनी तिथे पुन्हा गेलो. ग्लिरिसिडिया छान वाढला होता. त्याच्या सावलीत पवना, मारवेल ही गवतं उरली नव्हती, त्यांना भरपूर ऊन लागतं. टिटवी नाही, धाविक नाही, चंडोल नाही. जमिनीवर अंडी घालणाऱ्या या पाखरांना चौफेर उघडी नजर लागते, ती आम्हीच झाडांनी बुजवली होती. शिवाय चर खणायचे ते उन्हाळ्यात, आणि नेमका तोच यांचा विणीचा हंगाम. हे त्या वेळी आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही कुणाला विचारलं नाही.

माळढोक पक्ष्याची गोष्ट तर तुमच्या जिल्ह्यातलीच. नान्नजचं अभयारण्य 1979 साली झालं. कागदावर क्षेत्र सुमारे 8,500 चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं, शेतं, बाजारपेठा त्यात आल्या. जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडचणी आल्या, लोक चिडले, आणि राग निघाला तो पाखरावर. पुढे क्षेत्र छाटून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, पण मधली वर्षं वाया गेली होती. त्याच काळात उजनी धरणाचं पाणी आलं, माळ फुटले, ऊस उभा राहिला. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, पाणी दारात आल्यावर कोण थांबेल? माळढोकाची मादी बहुतेकदा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. पक्षी वजनदार, डोळे दोन बाजूंना, त्यामुळे उडताना समोरच्या विजेच्या तारा वेळेवर दिसत नाहीत. आज देशात मोजके दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे एक दिसला तरी बातमी होते. त्याचा ‘हूम’ असा घुमणारा आवाज मी ऐकलाय. तुला ऐकायला मिळेल की नाही, या विचाराने जीव तुटतो.

तुझ्या हातात काय आहे ते लिहितो. काठ्यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट कर. माळावर दहा जागा ठरव, दगडाला चुना लावून खूण कर. जूनअखेर, सप्टेंबर, डिसेंबर, एप्रिल असं चारदा तिथे चौकट ठेवायची आणि आत काय काय उगवलंय ते वहीत लिहायचं. नाव येत नसेल तर चित्र काढ. नावं धनगरांना विचार. वाडा कुठे पडलाय ते बघून संध्याकाळी जा, मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घेऊन झाली की ते निवांत असतात. लांडगा कुठून येतो, खोकडाची बिळं कुठे आहेत, कोणत्या साली कुठलं गवत आलं नाही, हे त्यांच्याइतकं मला कधीच कळलं नाही. आणि चराई पूर्ण बंद करा असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नकोस. जास्त चराईने माळ उघडा पडतो हे खरं, पण हे गवत जनावरांच्या तोंडाखालीच घडलंय.

झाडं जरूर लावा. ओढ्याच्या काठी, शाळेभोवती, बांधावर, गावात शिरणाऱ्या रस्त्याला. तिथे वड, कडुनिंब, करंज हवेच आहेत. माळावरच राबायचं असेल तर वेडी बाभूळ काढा. नुसती तोडली तर दुप्पट फुटते, बुडासकट खणावी लागते. तुमच्या टोळीला दोन उन्हाळे पुरेल एवढं काम आहे. फक्त तेव्हाही खाली बघत चाला, अंडी असतात.

कार्बनबद्दल विचारलं होतंस. गवताचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वणवा वरून निघून जातो तरी तो खाली राहतो. यावर सविस्तर भेटीत बोलू.

नोव्हेंबरात ये. कझाकस्तानकडून भोवत्ये, म्हणजे माळावर शिकार करणारे पक्षी, आलेले असतात, दिवसभर नाकतोडे खातात आणि रात्री गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. संध्याकाळी साडेपाचच्या आत पोचायला हवं, ते उतरतात तेव्हा उजेड जेमतेम असतो. दुर्बिणी माझ्याकडे दोन आहेत. तू फक्त वही आण, आणि बूट घालून ये, कुसळ मोज्यातून निघता निघत नाही.

तुझा,
काका