मुंबईचा रॅम्प, खासबागचा माग

पत्र बेळगावच्या खासबागातून आलंय. लिहिणारी ३१ वर्षांची. दिवसा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब लिहिते, हातात महिना २८,००० रुपये येतात. रात्री आणि रविवारी स्वतःचं कपड्यांचं लेबल चालवते, आणि कपडे जवळजवळ सगळे काळे: खणाचं कॉर्सेट, इरकली काठाचा घोट्यापर्यंतचा कोट, धातूच्या कड्या आणि साखळ्या लावलेले घागरे. गॉथ, पंक, मेटलवाली पोरं इन्स्टाग्रामवरून मागवतात. कोल्हापूर, पुणे, गोवा, बेंगळूरू. काळं कापड वडील घरच्या यंत्रमागावर विणतात. आता मुंबईतल्या एका आयोजकाने शोमध्ये जागा देऊ केलीय. जागेचे १,८०,०००, दहा पोशाख करायला ७०,०००, प्रवास, मुक्काम आणि फोटो ६०,०००, असे एकूण ३,१०,०००. स्वतःची शिल्लक ८०,०००, आईची सोसायटीतली दीड लाखाची ठेव फेब्रुवारीत सुटते, आणि राहिलेल्या ८०,००० साठी आईच्या पाटल्या गहाण. शो झाला की नोकरी सोडायची. शेवटी एकच ओळ: ‘काका, करू का?’

काका म्हटलंस म्हणून अगं-तुगं करतो. हा शो करू नकोस. नोकरीही एवढ्यात सोडू नकोस. पण कपडे दाखवायचेच नाहीत असं मात्र म्हणत नाही, त्याकडे येतोच.

आधी तुझा हिशेब. गेल्या वर्षी २१२ नग विकलेस, सरासरी २,६०० रुपयांना. एका नगाचा खर्च तू असा मांडलास: सूत आणि रंग ५२०, शिलाई ६५०, चेन-कड्या-आयलेट २१०, पॅकिंग-कुरिअर १३०, परत आलेला माल आणि स्टॉल-फोटो १९०. बेरीज १,७००. हातात ९०० राहिले, वर्षाचा नफा १,९०,८००. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिणाऱ्या मुलीने स्वतःच्या वहीत तीन रकाने रिकामे सोडलेत, याची गंमत वाटली.

पहिला रकाना बाबांचा. मध्यंतरी त्यांचा माग बंद होता तेव्हा गल्लीतल्या दुसऱ्या मागवाल्याने नगाला १६० रुपये घेतले, हे तूच लिहिलंयस. मग बाबांचे १६० कुठे गेले? दुसरा तुझा स्वतःचा. नगामागे पॅटर्न, कटिंग, गिऱ्हाइकाशी बोलणं धरून दोन तास म्हणतेस. तासाला १०० रुपये धरले तरी २०० झाले. तिसरा जीएसटीचा, तो नगाला साधारण १२० धरतो. ९०० मधून ४८० गेले, राहिले ४२०. वर्षाचे ८९,०४०.

आणि याच वर्षी ९० नग विकले न जाता पडून आहेत. सूत, शिलाई आणि कड्या धरून प्रत्येकात १,३८० रुपये घातलेत, म्हणजे १,२४,२०० रुपये. वर्षाच्या खऱ्या नफ्याहून जास्त रक्कम हँगरवर लटकतेय. हे का झालं तेही तुझ्या पत्रातच आहे. बाबा एक बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, चढवतात आणि तो संपेपर्यंत तेच कापड निघतं. कापड आहे म्हणून तू शिवतेस. गिऱ्हाईक आहे म्हणून शिवणं वेगळं. ताणा (उभे धागे) साधा काळाच ठेव आणि फरक बाण्यात (आडव्या धाग्यांत), काठात आणि कटात कर. बीम एकच राहील, पण पाच तऱ्हा निघतील.

आता शोचा खर्च या ४२० वर मांड. ३,१०,००० भरून यायला ७३८ नग जादा विकले पाहिजेत, आत्ता खपतात ते सोडून. तुझा एक मास्टर आणि एक कारागीर मिळून महिन्याला जेमतेम ३० शिवतात, वर्षाला ३६०. त्यातले २१२ आजच जातात. जादा जागा १४८ ची. म्हणजे शो गाजला, मुंबईच्या लोकांनी रांग लावली, तरी ती रांग संपवायला पाच वर्षं. तुझेच ९०० धरू म्हणालीस तरी सव्वादोन वर्षं लागतात, आणि काळ्या कॉर्सेटसाठी सव्वादोन वर्षं कोण थांबतं? गाजला नाही तर पाटल्या गेल्या. गाजला तर ऑर्डरी घेऊन त्या देता न येण्याची नामुष्की. माझा खरा आक्षेप या दुसऱ्या शक्यतेला आहे.

रॅम्पवर जाणं वाईट नाही. जपानी डिझायनर रेई कावाकुबोने १९८१ मध्ये पॅरिसला काळे, विस्कटलेले कपडे दाखवले आणि तिथले लोक हादरले, हे तुझ्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण तिचं लेबल १९६९ चं, टोकियोतलं दुकान १९७५ चं. पॅरिसला गेली तेव्हा मागे बारा वर्षांचा धंदा होता. ती बारा वर्षं कुणी पोस्टरवर छापत नाही. आणि ज्या मंचावर अर्जांतून नव्या डिझायनरची निवड होते, लॅक्मे फॅशन वीकच्या जेननेक्स्टसारख्या, तिथे जरूर अर्ज कर. पैसे भरले की जागा पक्की, अशा मंचावर तू त्यांची डिझायनर नसतेस, गिऱ्हाईक असतेस.

मगाशी जीएसटीचा रकाना घाईत उरकला, त्याकडे नीट बघू. तू लिहितेस, ‘४० लाखांच्या आत आहे, नोंदणीची गरज नाही.’ ही समजूत बेळगावात घातक आहे. ४० लाखांची सवलत राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला. राज्याबाहेर पहिला नग पाठवलास की नोंदणी सक्तीची, उलाढाल कितीही असो. बेंगळूरू पाचशे किलोमीटर दूर, पण कायद्याने घरचं. निपाणी ओलांडून दोनेक तासांत पोचणारं कोल्हापूर मात्र परराज्य. आपल्याला हे काही नवीन नाही म्हणा. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यातून सूट आहे. यंत्रमागाच्या कापडाचं शिवलेलं कॉर्सेट त्यात बसेल या भरवशावर राहू नकोस. कंपोझिशनचा, म्हणजे उलाढालीवर ठोक कर भरायचा, सोपा मार्गही राज्याबाहेर विकणाऱ्याला बंद. तेव्हा साधी नोंदणी करून घे, तिला फी नाही, आणि आजवर बाहेर पाठवलेल्या मालाचं काय ते कर सल्लागारापुढे न लपवता ठेव. मुंबईत किंवा गोव्यात स्टॉल लावायचा तर तिथली तात्पुरती नोंदणी वेगळी, अंदाजाचा कर आधी भरून. ती ९० दिवस चालते. म्हणून या वर्षी स्टॉल लावायचा तर बेंगळूरूत लाव. मेटल ऐकणारी पोरं तिथेही भरपूर आहेत.

दराची मेख इथेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्याच्या एका नगाची किंमत २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेली की १८ टक्के. किंमत म्हणजे कर सोडून. गिऱ्हाइकाकडून सगळं धरून २,६२५ घेतलेस तर तुझ्या हातात २,५०० येतात. २,९५० घेतलेस तरी २,५०० च! मधले सव्वातीनशे सरळ सरकारचे. तुझा कोट ३,२०० ला आहे, त्यातून तुला २,७१२ मिळतात. म्हणजे गिऱ्हाईक ५७५ जास्त मोजतं आणि तुझ्या पदरात २१२ पडतात. कोटाला एक तर २,६२५ च्या आत आण, नाहीतर धीटपणे ३,८०० ला विक. तो शिवून व्हायला पंधरा तास लागतात, तो स्वस्त विकण्यात काही अर्थ नाही. मधल्या पट्ट्यात एकही नग ठेवू नकोस.

पडून असलेल्या ९० पैकी ४० नग पुण्याच्या एका दुकानात जांगड आहेत, सात महिने झाले. जांगड म्हणजे विकलं तर पैसे, नाही तर माल परत. आणि माल परत येतो तो बहुधा मळून. नोंदणी झाल्यावर तर आणखी एक घोळ: जांगड पाठवलेला माल सहा महिन्यांत विकला नाही किंवा परत आला नाही, तर तो विकला असं धरून कर भरावा लागतो. पैसे मिळोत न मिळोत. ते ४० आत्ताच परत मागव.

घरातले ५० संक्रांतीला काढ. मराठी घरात काळं एरवी शुभकार्याला नको म्हणतात, पण संक्रांतीला मुद्दाम नेसतात. चंद्रकळा आपलीच की. तुझा काळा घागरा आणि वर हलव्याचे दागिने, असा एक फोटो काढून बघ. नाकं मुरडणाऱ्या मावश्यासुद्धा विचारतील. १,९०० ला ५० गेले तर ९५,००० मोकळे होतात. १ नोव्हेंबरच्या आसपास मात्र गावात जाहिरात करू नकोस. सीमाप्रश्नाच्या काळ्या दिनाला बेळगावात काळ्या कपड्याचा अर्थ वेगळा असतो, त्या दिवशी ‘काळं घ्या’ म्हणणं पोरखेळ दिसेल.

रंग जाऊन परत आलेल्या अकरा नगांचंही लिहिलंस. सल्फर काळा हा स्वस्त रंग वापरत असाल तर तो घासला की उतरतो, आणि सुती कापड नुसतं साठवून ठेवलं तरी काही महिन्यांनी कमकुवत होऊ शकतं. पडून राहणाऱ्या मालाला तर तो नकोच. किलोमागे चार पैसे जादा जाऊ देत.

आता दाखवण्याचं. ३,१०,००० ऐवजी ३५,००० काढ आणि बाबांच्या मागाच्या शेडमध्येच शो कर. बारा पोशाख घे, मैत्रिणींना मॉडेल कर, चांगला फोटोग्राफर पैसे देऊन आण, वीस खुर्च्या मांड. माग चालू ठेव, तो खडखडाट म्हणजेच तुझं संगीत. मुंबईच्या आयोजकाकडे दिवे असतील, चालणारा माग नसतो. कापड विणताना दिसतंय आणि तेच कापड अंगावर चालत येतंय, असे फोटो फार थोड्या लेबलांकडे असतात. ते वर्षभर पुरतील.

फक्त त्याआधी एक काम. नव्या पोशाखांपैकी दोन, जे खरंच तुझ्या डोक्यातून आलेत, त्यांची डिझाइन नोंदणी कर. व्यक्तीला एका डिझाइनची अर्ज फी १,००० रुपये आहे, संरक्षण दहा वर्षं आणि पुढे पाच वाढवून मिळतात. अट अशी की डिझाइन आधी कुठे प्रसिद्ध झालेलं नसावं, आणि इन्स्टाग्रामवर टाकणं म्हणजेही प्रसिद्ध करणं. आजवर टाकलेलं सगळं त्यातून गेलं. कॉपीराइट आहेच, असंही समजू नकोस. नोंदणी होऊ शकली असती पण केली नाही, अशा डिझाइनचे पन्नासाहून जास्त नग कारखानी पद्धतीने निघाले की तो हक्क संपतो. खणाची नक्षी तुझी नाही, ती गुळेदगुड्ड गावच्या विणकरांची. कॉर्सेटचा नवा घाट तुझा असू शकतो. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानला कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा ओरड करता आली, कारण कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि त्यात बेळगाव जिल्हाही आहे. तिथे आठ जिल्ह्यांचे कारागीर होते. तुझ्या बाजूने उभं राहायला तू एकटी. नावाचा ट्रेडमार्कही घे, कपड्यांसाठी २५ वा वर्ग, ऑनलाइन ४,५०० रुपये.

शेडचा शो, दोन डिझाइन आणि ट्रेडमार्क जाऊन ८०,००० मधले ३८,५०० उरतात. ते सुतासाठी राहू देत.

आईच्या पाटल्यांना हात लावू नकोस. ठेव मात्र फेब्रुवारीत काढ आणि बँकेत टाक. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. आपल्या भागात गल्लीगल्लीत सोसायटी आहे, बहुतेक नीट चालतात. पण एकीच्या बंद दारासमोर मी स्वतः, हातात पासबुक घेऊन, तीन सोमवार उभा राहिलोय, त्यामुळे या बाबतीत माझं मत जरा कडवट आहे. ती रक्कम आईची आहे, आईच्याच नावावर राहू दे.

नोकरी कधी सोडायची? सलग सहा महिने ३० च्या ३० नग विकले गेले, घरात वीसपेक्षा जास्त पडून राहिले नाहीत, आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे बँकेत असले, तर मला पुन्हा लिही. तेव्हा कर्ज काढू, पण दुसऱ्या मास्टरसाठी आणि दोन चांगल्या मशिनींसाठी. मुद्रा योजनेत ५ लाखांपर्यंतचं किशोर कर्ज तारणाशिवाय मिळतं. त्यासाठी उद्यम नोंदणी आजच करून ठेव, तीही फुकट आहे.

आणि बाबांचे नगामागे १६० या महिन्यापासून दे. ते घेणार नाहीत, ‘घरातलं काय ते’ म्हणतील. आईच्या हातात ठेव. वहीत ‘बाबा’ असं लिहू नकोस, ‘विणकाम’ असं लिही.