घर छान आहे हो मॅडम, पण खाली उतरून जायचं कुठे?

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत थोड्याफार फरकाने इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याने "घर तसं छान आहे" म्हटलं की पुढचं मला कळतं. कधी नांदेडहून लग्न होऊन आलेली मुलगी असते, कधी मुलाकडे राहायला आलेले नाशिकचे रिटायर्ड गुरुजी, कधी बदली होऊन आलेलं जोडपं. माझ्याकडे समुपदेशनाला येताना कोणीच "आमची वस्ती निवडायला चुकली" असं म्हणत नाही, झोप लागत नाही म्हणून येतात, चिडचिड होते म्हणून येतात, नवराबायकोत सारखं वाजतंय म्हणून येतात. परवा एकीने मात्र सरळ मेसेज केला, "ताई आम्ही जूनमध्ये पुण्यात शिफ्ट होतोय, ऑफिसजवळच्या टाउनशिपमध्ये मोठा फ्लॅट घ्यावा की जुन्या वस्तीत लहान, कळत नाहीये, डोकं फुटायची वेळ आलीय." तिला दोन ओळीत उत्तर देता येईना, म्हणून सांगलीच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगतेय, नावं सांगत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नवरा आयटीत, हिंजवडीला नोकरी लागली म्हणून सगळे सांगलीहून आले. बायको चौतीस-पस्तीसची, तिकडे शाळेत शिकवायची, ती नोकरी सोडून आली. मुलगा नऊ वर्षांचा, आणि सासूबाई सहासष्टच्या, गुडघे दुखणाऱ्या. हिंजवडीच्या पुढे बाराव्या मजल्यावर भाड्याचा थ्री बीएचके, खाली स्विमिंग पूल, क्लब हाऊस, जिम, सगळं. आणि आठ महिन्यांत ही बाई दिवसातून दोनदा रडायला लागली. पहिल्या दिवशी दोघं सोबत आले आणि नवराच बोलत होता, "मॅडम, घरात काही म्हणजे काही कमी नाही. भाजी अॅपवर येते, औषधं घरी येतात. तिला बाहेर पडायची गरजच पडत नाही, एवढी सोय केलीय." ती मान खाली घालून ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "खरंय तो म्हणतो ते. मलाच काय झालंय कळत नाही."

खरं सांगायचं तर पूर्वी अशा केसमध्ये मी एक ठरलेला सल्ला द्यायचे, सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपमध्ये मिसळा, योगाचा क्लास लावा, वेळ जाईल. काहींना उपयोग व्हायचा, पण बऱ्याच जणी महिन्याभराने परत यायच्या आणि वर आता त्यांना हेही वाटायचं की आपल्याला मिसळता येत नाही, म्हणजे दोष आपलाच. ते मला खटकत होतं. म्हणून या वेळी सल्ला दिलाच नाही. तिला एकटीला बोलावलं आणि म्हटलं, "सांगलीतला एक साधा मंगळवार सांग. सणवार नको, काही विशेष घडलेला नको. सकाळी उठल्यापासून सांग."

ती आधी म्हणाली, "त्यात काय सांगायचं मॅडम, रोजचंच." आणि मग पाऊण तास थांबली नाही. दूध आणायला खाली जायचं तर दूधवाल्याच्या आजारी म्हशीची चौकशी, मंगळवार म्हणून आईंना घेऊन गणपतीच्या देवळात, दारातल्या फुलवाल्या मावशी आईंसाठी दुर्वा बाजूला काढून ठेवायच्या, शाळेत जाताना कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, येताना हरभट रोडवरून भाजी, ब्लाउज शिवायला टाकलेला त्याचा तगादा, मेडिकलवाला आईंच्या गोळ्या चिठ्ठी न बघता काढून द्यायचा. संध्याकाळी मुलाला घेऊन कृष्णेच्या घाटावर. ती बोलत होती आणि मी कागदावर नुसत्या रेघा मारत होते. मग म्हटलं, आता इथला कालचा मंगळवार सांग. तो दोन मिनिटांत संपला.

कागद तिच्यासमोर ठेवला. एका बाजूला चौदा रेघा, दुसऱ्या बाजूला दोन. "या काय आहेत?" म्हणाली. म्हटलं, घरातली माणसं सोडून ज्यांच्याशी तू दिवसभरात एक तरी वाक्य बोललीस ती माणसं. इथली दोन म्हणजे गेटवरचा वॉचमन आणि पार्सल देणारा मुलगा. ती कागदाकडे बघत बसली. मी काही बोलले नाही, अशा वेळी आपण बोलायचं नसतं हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. मग ती अगदी हळू म्हणाली, "मॅडम, इथे मला कुणी 'कुठं निघालीस' असं विचारत नाही."

आणि रडली, पण वेगळं रडली. मग स्वतःच सांगायला लागली की सांगलीत याच प्रश्नाचा तिला किती राग यायचा, घराबाहेर पाऊल टाकलं की चार जण कुठं निघालीस, लवकर आलीस, आज साडी कशी काय. पुण्यात गेल्यावर या चौकशा सुटतील म्हणून ती खूश होती. "मला तेच नको होतं आणि आता तेच नाहीये म्हणून मी रडतेय, वेडीच आहे का मी?" म्हटलं, अजिबात नाही. कुठं निघालीस याचा अर्थ तू दिसलीस असा असतो. आठ महिने तू कुणालाच दिसली नाहीयेस.

त्या दिवशी माझ्याही डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. नव्या शहरात माणसं म्हणतात मित्र नाहीत म्हणून एकटं वाटतं. पण चौदा रेघांमध्ये तिची मैत्रीण एकही नव्हती! सगळी नुसती तोंडओळखीची माणसं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच दाखवून दिलं होतं की अशा कच्च्या धाग्यांना मोठी ताकद असते, त्याचा विषय नोकरी कशी मिळते हा होता, पण मला ते या कागदावर दिसलं. आणि तोंडओळख ठरवून करता येत नाही, क्लास लावून होत नाही. तोच रस्ता, तीच वेळ, तेच दुकान आणि आपण पायी, असं पन्नास-साठ वेळा झालं की ती आपोआप होते. गाडीतून बेसमेंट ते बेसमेंट जाणाऱ्याला ती होऊच शकत नाही, माणूस कितीही बोलका असू दे.

मग नवऱ्याला बोलावलं. मी ज्या परंपरेत शिकले, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचाराची, तिथे आम्हाला माणसाच्या बोलण्यातला 'च', म्हणजे 'असंच व्हायला पाहिजे' हा हट्ट, ऐकायला शिकवतात. मी त्याची वाक्यं लिहून ठेवली होती, ती वाचून दाखवली. "घर थ्री बीएचकेच पाहिजे. ऑफिसजवळच पाहिजे. नव्या बिल्डिंगमध्येच पाहिजे. एवढं सगळं दिल्यावर तिने खूश असायलाच पाहिजे." शेवटच्या वाक्याला तो खाली बघायला लागला. म्हटलं, आता तुम्ही वाचा, पण 'च' काढून आणि पाहिजेच्या जागी 'असलं तर बरं' घालून. त्याने वाचलं, दोनदा वाचलं, आणि मग लहानपणचं सांगितलं. गावभागातल्या वाड्यात दोन खोल्यांत पाच माणसं, अभ्यासाला जागा नाही, नळावर भांडणं, तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या मुलाला स्वतःची खोली द्यायची. म्हणजे तो फ्लॅट त्याने बायकोसाठी घेतलाच नव्हता, नऊ वर्षांच्या स्वतःसाठी घेतला होता. हे मी नाही म्हटलं, तोच म्हणाला. 'च' तिच्याकडेही होता बरं का, "पुण्यात माणूसच नाही", "इथली माणसं अशीच", त्यावरही आम्ही काम केलं, ते लिहीत नाही.

काही जण मला विचारतात की तुमच्या पद्धतीत तर परिस्थितीपेक्षा दृष्टिकोन बदलायला सांगतात ना, मग घर बदलायचा सल्ला कसा? अहो, 'च' कशासाठी काढायचा? समोरचं नीट दिसावं म्हणून. आणि नीट दिसल्यावर परिस्थिती बदलण्यासारखी असेल तर बदलायची, सोसत बसण्यात कसला आलाय विवेक.

तर आता घर कसं शोधायचं. मी त्यांना एकच गोष्ट सांगितली, जो दिवसभर बाहेर असतो त्याच्या सोयीने वस्ती निवडू नका, जी माणसं दिवसभर तिथे राहणार आहेत त्यांच्या पायांनी निवडा. तुमच्या घरात सगळ्यात हळू कोण चालतं? सासूबाई. मग सासूबाईंच्या दहा मिनिटांत काय काय येतं ते बघा. जाहिरातीत पाच मिनिटांवर लिहिलेलं असतं ते गाडीने, आणि रस्ता रिकामा असताना. तुम्ही-मी पंधरा मिनिटांत किलोमीटरभर जातो, गुडघे दुखणारं माणूस दहा मिनिटांत चारशे मीटर गेलं तरी पुष्कळ, म्हणजे त्या चारशे मीटरमध्ये किराणा, भाजी, मेडिकल, एक देऊळ किंवा बाग आणि टेकायला एखादा कट्टा हवा. आणि ब्रोकरबरोबर रविवारी दुपारी घर बघून येण्यात अर्थ नाही, रविवारी दुपारी सगळ्याच वस्त्या शांत आणि छान दिसतात. कामाच्या दिवशी जा, सकाळी साडेसातला शाळांच्या वेळेला एकदा आणि रात्री नऊला एकदा, हातात दोन किलोची पिशवी घेऊन. रात्री नऊला दुकानं उघडी आहेत का, बायका एकट्या चालताना दिसतात का बघा, मला तरी सुरक्षिततेची याहून चांगली खूण माहीत नाही. जमलं तर जुलैत जा, फूटपाथ कुठे संपतो आणि पाणी कुठे साठतं ते पाऊस दाखवतो.

फूटपाथचं तर काय सांगू. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात फूटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि १५० मिलिमीटरपेक्षा जास्त उंची नको असं स्पष्ट आहे, पुणे महापालिकेचं तर २०१६ पासून पादचारी धोरण आहे, जंगली महाराज रोडवर ते दिसतंसुद्धा, चालून बघा किती बरं वाटतं. पण दोन गल्ल्या आत गेलं की त्याच फूटपाथवर विजेची डीपी, टपरी आणि लावलेल्या बाइक. म्हणून कागदावर विश्वास ठेवायचा नाही, आईला घेऊन जायचं.

ते खरंच आईंना घेऊन गेले, चार शनिवार आणि दोन मंगळवार. औंध बघितलं, भाडं परवडेना. कोथरूड आवडलं पण तिथून हिंजवडी लांब पडत होती. शेवटी चिंचवडगाव. मोरया गोसावींचं देऊळ पवनेच्या काठावर, ते बघून सासूबाईंचा चेहराच बदलला, सांगलीला गणपती आणि कृष्णा, इथे गणपती आणि पवना. पण त्या सांगलीच्या, २०१९चा पूर बघितलेल्या. घरमालकाला पहिला प्रश्न भाड्याचा नाही, "पावसात पाणी कुठवर येतं?" पवनेला पाणी सोडलं की देवळात शिरतं हे खरंच आहे, म्हणून नदीजवळचं स्वस्तातलं घर त्यांनी सोडलं आणि चापेकर चौकाच्या बाजूला वरच्या अंगाला घेतलं. हा प्रश्न मला सुचला नसता, आता मी प्रत्येकाला विचारायला सांगते.

घर लहान आहे हे लपवत नाही. वन बीएचके, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही म्हणून पहिलाच मजला शोधला, चारचाकीला पार्किंग नाही, बाथरूमच्या भिंतीला ओल. मुलाला स्वतःची खोली नाही, याचं नवऱ्याला अजून वाईट वाटतं आणि ते वाटणं मी पुसायचा प्रयत्न केला नाही. गॅलरी बंद करून तिथे टेबल टाकलंय. ऑफिसला जायला त्याला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो, एक तास धरूनच चाला. सासूबाईंनी पहिले पंधरा दिवस हॉर्नच्या आवाजाने झोप लागत नाही म्हणून तक्रार केली. आणि सगळ्यांनी असंच करावं असंही नाही, दोघंही दिवसभर ऑफिसात आणि घरी फक्त झोपायला येणार असतील तर ऑफिसजवळचं मोठं घर योग्यच असेल. घर विकत घ्यायचं असेल तर मात्र आधी त्या भागात वर्षभर भाड्याने राहा, एवढं नक्की सांगेन.

तिचं रडणं शिफ्ट झाल्याबरोबर थांबलं नाही, दोनेक महिन्यांनी कमी झालं. तिसऱ्या महिन्यात ती एक कागद घेऊन आली, स्वतःच रेघा मारलेला. सहा होत्या. जवळच्या शाळेत अर्ज केलाय म्हणाली, चालत बारा मिनिटं.

मग म्हणाली, एक सांगायचंय. आदल्या दिवशी कोथिंबीर संपली होती आणि मुलगा म्हणाला मी आणतो. टाउनशिपमध्ये असताना तो कधी गेटबाहेर एकटा गेला नव्हता, बाहेर हायवेच होता. हिने दहा रुपये दिले आणि गॅलरीत उभी राहिली. भाजीवाली कोपऱ्यावरच, जाऊन यायला पाच मिनिटं. दहा झाली, बारा झाली, ही चपला घालायला लागली तेवढ्यात तो आला, हातात जुडी आणि वर एक फुकटचा लिंबू. एवढा वेळ कुठे होतास विचारलं तर म्हणाला, "आई, त्या आजी सोडतच नव्हत्या. सारखं विचारत होत्या, कोणाचा रे तू?"