मॅडम, मशीनवर ठोके ऐकू येतायत, मग टेन्शन नाही ना?

परवा परत एकीनं विचारलं, आठवा महिना चालूय, सारखी धास्ती वाटते, बाळाचे ठोके घरीच ऐकायचं मशीन मागवू का? म्हणून ही केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सोलापूरचीच, एमआयडीसीकडं राहणारी, पहिलटकरीण, 31वा आठवडा, नवरा टॉवेलच्या लूमवर. सोनोग्राफी नॉर्मल, वाढ चांगली, तरी हिला झोप नाही, कारण जावेचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलेलं आणि घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. हिनं ऑनलाइन डॉपलर, म्हणजे तेच ठोके ऐकायचं मशीन, मागवलं, दिवसातून दहा-दहा वेळा लावायची, जेल संपलं की खोबरेल तेल!

माझ्यासमोरच लावलं. आकडा आला 92. पोरगी पांढरीफटक. मी तिचं मनगट धरलं, घड्याळ लावून नाडी मोजली, तर 92च. मशीननं तिचीच नाडी पकडलेली. बाळाचे ठोके साधारण 110 ते 160 असतात. म्हटलं आता उलटं बघ, घाबरून तुझी नाडी 120वर गेली तर हेच मशीन खुशाल सांगेल की बाळ मजेत आहे. हे तिला जास्त लागलं. आणि ठोके खरंच बाळाचे असले तरी मिनिटभर ऐकून त्याची तब्येत कळत नाही, दवाखान्यात एनएसटी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायची तपासणी) करतात तेव्हा 20 मिनिटं तरी बघतात, बाळ हललं की ठोके वाढतात का ते.

मग हालचाल मोजायचं ठरलं. जेवण झालं की डाव्या कुशीवर, शेजारी दोन वाट्या, एकीत 10 शेंगदाणे (सोलापुरात दुसरं काय असणार), बाळ हललं की एक दाणा दुसऱ्या वाटीत. मधे अर्धा तास गप्प असेल तर झोपलेलं असतं. पण दोन तासांत 10 झाले नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा कमी वाटलं, तर मशीन लावत बसायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

सासूबाई म्हणाल्या, "शेवटी शेवटी बाळ हलायचं कमीच होतं की, जागा कुठं असती त्याला." हे सगळीकडं ऐकते मी आणि दरवेळी जीव वरखाली होतो. लाथेऐवजी वळवळ जाणवेल, पण हलणं कमी व्हायला नको. जाऊबाई शेजारीच बसलेली, इतका वेळ गप्प. एवढंच बोलली, "मला मोजायचं कुणी सांगितलंच नव्हतं." सासूबाई नंतर काही बोलल्या नाहीत.

36व्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन. "मॅडम, दोन तास झाले, चारच दाणे सरकलेत, आम्ही रिक्षात बसलोय." एनएसटी चांगला आला, बाळाभोवतीचं पाणी पण ठीक, पहाटे घरी सोडलं. उगाच सगळ्यांना पळवलं का म्हणून विचारत होती, म्हटलं परत असं वाटलं तर परत पळव.

राहिलेले सहा दाणे जावेनं रिक्षातच खाऊन टाकले म्हणे.